पुतळ्यांची माळ

गेल्या दिवाळीत आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ऐन तोंडावर एक लहानसे रण माजले. रणाचे कारण करंगळीच्या नखाएवढे होते. पण त्याचा धागा धरून मागे जाऊ लागलो तो थेट सातशे वर्षांपलीकडच्या एका परक्या समुद्राच्या काठी जाऊन पोचलो. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

आमचे गाव टेमघर. भिवंडीहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. गाव म्हणावयाचे ते आपले सवयीने. गाव आणि शहर यांच्यामधली शीव केव्हाच पुसून गेली. बाहेरच्या माणसाला टेमघर ठाऊक असते ते शहाड-टेमघर पाणीयोजनेच्या नावातले. माझ्या लहानपणी परसदारी भाताची खाचरे होती. आता तिकडून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. घर मात्र जुन्यासारखेच माणसांनी भरलेले आहे, आणि दिवाळीला तर ते उतू जाते.

त्या संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाची नात मुंबईच्या वसतिगृहातून आली. नवे कपडे घालून पोरगी पाटापाशी येऊन बसली, तेव्हा तिच्या गळ्यातली बारीक साखळी भावाच्या नजरेस पडली. साखळीत चांदीचा एक इवलासा क्रूस होता.

"हे काय घातलेस?" भाऊ कडाडला. "बाटलीस की काय?"

"अहो आजोबा, फॅशन आहे ती. कॉलेजात सगळ्याच घालतात."

"सगळ्या घालोत. लक्ष्मीपुढे बसायचे तर ते काढून बस."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. सुनांनी मध्ये पडून पाहिले, पण भाऊ ऐकेना. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. शिक्षकाला एक वाईट खोड असते. कोठे वाद ऐकू आला की त्याला खडू आठवतो. मी म्हणालो, "पोरीच्या गळ्यातला क्रूस काढायचा तर आधी तबकातल्या माळेमधला येशू काढावा लागेल!"

तबकात लाह्या-बत्ताशांच्या शेजारी आत्याची पुतळ्यांची माळ ठेवली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदीला टेकलेली, पण कानाने तिखट. ती म्हणाली, "कोन येशू? ती रामसीतेची जोरी हाय, बाला. तुला कोनी सांगला?"

मी भिंग आणले. समई पुढे ओढली. माळेतल्या सत्तावीस पुतळ्यांपैकी सहा निवडून एकेक करून सर्वांना दाखविल्या. भाऊ गप्प झाला, पोरगी हसली, सुना एकमेकींच्या खांद्यावरून वाकून पाहू लागल्या. वाद मी जिंकला होता. पूजेला बसताना पाहतो तो तबकात माळ नाही. आत्याने ती उचलून पदराच्या टोकात बांधली होती आणि ती आत निघून गेली होती. पोरीनेही साखळी काढून ठेवली होती. आम्हा आगऱ्यांना सोन्याचा सोस किती हे ठाणे जिल्ह्यात कोणालाही विचारावे. पण मला आठवते तेव्हापासून आत्याची माळ पुढ्यात नसलेले लक्ष्मीपूजन आमच्या घरी ते पहिलेच.

आता त्या सहा पुतळ्यांविषयी.

आपल्याकडे जिला पुतळी म्हणतात ती मुळात व्हेनिस शहराची मोहोर. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, खाजणात वसलेले हे व्यापाऱ्यांचे राज्य. त्याला राजा नव्हता. निवडून दिलेला एक प्रमुख असे, त्याला दोजे म्हणत. जोव्हान्नी दांदोलो हा दोजे असताना १२८४ साली तेथल्या टांकसाळीत सोन्याचे एक नाणे पडू लागले. वजन साडेतीन ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी. आणि सोने त्या काळी साधेल तितके शुद्ध. याला दुकात म्हणत, पुढे झेक्कीनो हे नाव रूढ झाले. झेक्का म्हणजे टांकसाळ, आणि हा शब्द इटलीकरांनी घेतला अरबांच्या 'सिक्का' या शब्दावरून. आपला शिक्का तोच! याच झेक्कीनोचे फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या तोंडी 'सिक्विन' झाले, आणि नाणे गेल्यावर ते नाव कपड्यावर शिवायच्या चकचकीत टिकल्यांना चिकटले. आज लग्नसराईत 'सिक्वेन्स'ची साडी मागणाऱ्या मुली एका जुन्या नाण्याचेच नाव घेत असतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

नाण्याच्या एका बाजूस दोन आकृती आहेत. डावीकडे व्हेनिसचा रक्षणकर्ता संत मार्क उभा. त्याच्यापुढे गुडघे टेकून दोजे. आणि दोघांच्या मध्ये निशाणाची उभी काठी. संत दोजेच्या हाती राज्याचे निशाण देत आहे. दोजेचा पायघोळ झगा आणि डोकीवरची टोकदार टोपी अशी की, झिजलेल्या नाण्यावर ती डोईवर पदर घेतलेली बाई वाटावी. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोल प्रभावळीत ख्रिस्त उभा आहे. एका हातात पोथी, दुसरा आशीर्वादासाठी उचललेला. भोवती लॅटिन अक्षरे आहेत. त्यांचा भावार्थ असा की, हे ख्रिस्ता, तू ज्यावर सत्ता चालवतोस ते हे राज्य तुलाच अर्पण असो. म्हणजे हे नाणे निव्वळ पैसा नव्हे. त्यावर एक आख्खी प्रार्थना कोरली आहे.

व्हेनिसकर धूर्त खरे. त्यांनी ओळखले की दूरदेशीचा माणूस नाणे वाचीत नाही, त्याचा चेहरा ओळखतो. म्हणून त्यांनी पाचशे वर्षे नाण्याचा चेहरा बदलला नाही. दोजे बदलला की त्याचे नाव तेवढे बदलावयाचे. वजन तेच, कस तोच. १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडविले, तेव्हा शेवटच्या दोजेच्या, लुदोव्हिको मानीनच्या, नावाचे नाणेही जवळजवळ १२८४ सारखेच होते. आमच्या माळेतल्या एका पुतळीवर भिंगाखाली 'आलोय' आणि 'मोचेनि' एवढी अक्षरे लागतात. हा आल्व्हिसे मोचेनिगो. या नावाचे चार दोजे होऊन गेले. पहिला सोळाव्या शतकात, चौथा १७६३ ते १७७८ या काळात, म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे गादीवर होते त्या सुमाराचा. चौघांपैकी कोणता, हे झिजलेल्या अक्षरांवरून मला ठरविता आलेले नाही.

हे नाणे आमच्या खाडीपर्यंत आले कसे? व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना मिरी हवी, मसाले हवेत, हिंदुस्थानचे कापड हवे. आणि त्यांच्याजवळ द्यावयाला आपल्याला रुचेल असा माल थोडा. मग सोने द्यावे लागे. अलेक्झांड्रियाला आणि हलबला त्यांनी मोजलेले सोने तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून पुढे सरके. जिद्दा, मोखा, बसरा या बंदरांतून ते सुरत, चौल, दाभोळ येथे उतरे. रोमन इतिहासकार प्लिनीने पहिल्या शतकातच तक्रार केली होती की हिंदुस्थान दर वर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. व्हेनिसकरांनी तीच तक्रार नव्याने केली असती तर नवल नव्हते. इजिप्तचा सुलतान बार्सबाय याने तर १४२५ साली आपली अश्रफी या दुकाताच्याच वजनाजवळ आणून ठेवली, इतका या नाण्याचा दरारा.

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत गलबते बांधावयास काढली, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण महाराजांच्या खजिन्यात कोणकोणती नाणी होती ते सभासदाच्या बखरीत काढून पाहावे. मोहरा, नाना जातींचे होन, आणि त्यांच्यात पुतळ्या! रायगडावरच्या त्या खजिन्यात व्हेनिसचा संत मार्क देवराई होनांवरच्या देवांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्या नाण्याचे मूळ नाव कोणी विचारले नाही. त्यावर बाहुलीसारख्या आकृती होत्या म्हणून ते पुतळी झाले. आणि नाव पडले की वस्तू आपली होते.

सोन्याचे नाणे सामान्य माणसाच्या हाताने भाजीबाजारात कधीच फिरले नाही. तेथे शिवराईचा तांब्याचा पैसा चाले. सोने आले की ते घरातल्या बाईच्या अंगावर चढावयाचे. तीच पेढी आणि तोच विमा. सोनाराने नाण्याला कडी लावली, पटवेकऱ्याने रेशमात ओवले, की माळ तयार. हा प्रकारही आपल्याकडे काही नवा नव्हता. सातवाहनांच्या काळात रोमन नाणी आली तेव्हा ज्यांना सोन्याची ऐपत नव्हती त्यांनी मातीची पदके करून घेतली. मराठवाड्यातल्या तेरला आणि पलीकडे तेलंगणातल्या कोंडापूरला अशी पदके उकरून निघाली आहेत. वर रोमन नाण्याचा छाप आणि ओवावयाला जागा. रोममध्ये सम्राटाला देवपण दिले जाई. आणि तेरची एखादी पोरगी त्या देवाला खऱ्या मातीच्या भावाने गळ्यात घालून मिरवीत असे.

आमच्या माळेतल्या बाकीच्या एकवीस पुतळ्या इकडच्या सोनारांनी घडविलेल्या आहेत. आणि मला विचाराल तर खरी गंमत त्यांच्यात आहे. अस्सल नाणी व्हेनिसच्या टांकसाळीतून हजारोंनी बाहेर पडली. पण या एकवीस जणींपैकी प्रत्येकीवर कोणातरी सोनाराचा हात फिरला आहे. सोनाराला लॅटिन येत नव्हते. त्याच्या हातात अक्षरांच्या उभ्या रेघा झाल्या. त्याच्या शिष्याच्या हातात रेघांचे ठिपके झाले. गुडघे टेकलेला दोजे हळूहळू उठून उभा राहिला, कारण देवाच्या जोडीत एकाने गुडघे टेकावे हे आपल्या डोळ्याला खपत नाही. निशाणाच्या काठीला बाक आला आणि तिचे धनुष्य झाले. धनुष्य आले म्हणजे राम आला. राम आला म्हणजे शेजारी सीता आली. पाठीमागचा ख्रिस्त प्रभावळीत होताच. आत्या त्याला सूर्यनारायण म्हणत असे, आणि भोवतीचे तारे पाहिले तर तिचे काही चुकले असे म्हणवत नाही. एकवीस पुतळ्या ओळीने मांडल्या तर एका देवाचे दुसरा देव होताना पाहावयास मिळते. यात फसवणूक कोणाचीच नाही. सोनाराला दिसले ते त्याने घडविले. आत्याला दिसले त्याला तिने हात जोडले.

ज्या समाजात पाव खाल्ला म्हणून माणूस बाटला असे मानीत, त्याच समाजातल्या सोवळ्या बायकांनी ही नाणी गळ्यात घालून तुळशीला प्रदक्षिणा घातल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आणि हा चमत्कार काही एकट्या पुतळीचा नव्हे. टेमघरहून चार कोसांवर अंबरनाथचे शिवालय आहे. त्यातल्या शिलालेखाचा शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. ते शिवालय ज्या शिलाहारांच्या राज्यात उभे राहिले, त्यांच्यातला छित्तराज हा राजा शिवाचा भक्त. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची चांदीची नाणी सापडली आहेत. एका बाजूस नागरीत त्याचे नाव, आणि दुसरीकडे? दुसरीकडे ठिपक्यांचा आणि रेघांचा एक विचित्र खेळ आहे. तो खेळ म्हणजे इराणच्या ससानी बादशहांच्या नाण्यांवरचे अग्निकुंड! पाचव्या शतकातल्या पेरोझ बादशहाच्या नाण्याची हूणांनी नक्कल केली, नकलेची पुन्हा नक्कल झाली, पाचशे वर्षांत अग्नीच्या ज्वाळांचे ठिपके झाले आणि बादशहाच्या मुखड्याचे असे काही झाले की लोक त्या नाण्याला गधैया म्हणू लागले. जरथुष्ट्राच्या अग्नीला शिवभक्ताने आपल्या नाण्यावर जागा दिली. कारण बाजारात तेच नाणे चालत होते.

पलीकडे युरोपात काय चालले होते? तिकडेही हेच. आठव्या शतकात इंग्लंडातल्या मर्सियाचा राजा ऑफा याने सोन्याचे नाणे पाडले ते बगदादच्या खलिफाच्या दिनाराची नक्कल करून. त्यावर अरबी कलमा आहे आणि मधोमध, तोही उलटा, 'राजा ऑफा' असा लॅटिन शब्द आहे. ख्रिस्ती राजाच्या नाण्यावर कलमा, आणि खोदणाऱ्याला सुलटे कोणते हेही कळलेले नाही! इटलीतल्या चित्रकारांनी तर याहून बहार केली. इजिप्त-सीरियाकडून येणाऱ्या उंची कापडाच्या काठांवर अरबी अक्षरांचे पट्टे विणलेले असत. श्रीमंती म्हणजे हे कापड. मग देवाच्या आईला हलके वस्त्र कसे नेसवावे? जेंतिले दा फाब्रियानो याच्या १४२३ सालच्या प्रसिद्ध चित्रात कुमारी मरियेच्या प्रभावळीवरच अरबीसारखी अक्षरे काढलेली आहेत. अरबीसारखी म्हणतो, कारण ती वाचता येत नाहीत; आमच्या सोनाराच्या लॅटिनाची ती इटालियन बहीण. आणि व्हिएन्नात एक तांबडा रेशमी झगा जपून ठेवला आहे. सिसिलीच्या दुसऱ्या रॉजर राजासाठी तो पालेर्मोत भरला गेला. कडेने अरबी मजकूर आणि हिजरी ५२८ हे साल. ख्रिस्ती धर्माचे रक्षक म्हणविणारे सम्राट पुढे शतकानुशतके तोच झगा पांघरून राज्याभिषेक करून घेत होते.

इथवर सारे गोड आहे. एवढेच सांगून थांबलो तर मी माझ्या भावाला शिकविला तो अर्धाच धडा तुम्हांलाही शिकविल्यासारखे होईल.

टेमघरच्या पश्चिमेला खाडी ओलांडली की ठाणे आणि साष्टी बेट, वर वसई. १७३७ पर्यंत ठाणे आणि १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे खाडीच्या अलीकडे पुतळ्यांची माळ घातलेली बाई नांदत होती, आणि पलीकडे गोव्याच्या इन्क्विझिशनचा, धर्मन्यायालयाचा, अंमल चालत होता. हे न्यायालय १५६० साली गोव्यात स्थापन झाले. १४ एप्रिल १७३६ रोजी त्याने एक फर्मान काढले. बाटलेल्या घरांत कोणते रिवाज पाळावयाचे नाहीत याची ती यादी आहे. लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत. नवरानवरीला हळद लावू नये. पाहुण्यांना विडे-फुले देऊ नयेत. मिठावाचून भात शिजवू नये. अंगणातली तुळस उपटावी. पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये. बायकांनी चोळी घालू नये.

चोळी! चोळीत कोणता देव होता? हे फर्मान लिहिणाऱ्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की या वेषामागे जुना धर्म लपून बसतो. आणि बाईला विचारले असते तर ती म्हणाली असती की माझी आई घालीत होती म्हणून मी घालते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. फरक इतकाच की एकाच्या हातात तुरुंगाच्या किल्ल्या होत्या.

हाच प्रश्न त्याआधी शंभर वर्षे खुद्द रोममध्ये गेला होता. रोबेर्तो दे नोबिली नावाचा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस आला. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, मांसाहार सोडला, गळ्यात जानवे घातले, आणि तमिळ-संस्कृत शिकून ख्रिस्ताचा उपदेश करू लागला. त्याच्याच पंथातले पाद्री संतापले. जानवे हा मूर्तिपूजकांचा धर्म, ते घालणारा ख्रिस्ती कसला? नोबिलीचे म्हणणे, जानवे हे कुळाचे आणि मानाचे चिन्ह आहे, श्रद्धेचे नव्हे. वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी १६२३ साली पंधराव्या ग्रेगरी पोपने निर्णय दिला की ब्राह्मण ख्रिस्त्यांनी जानवे घालावे, शेंडी ठेवावी, गंध लावावे. मात्र जानवे देवळात घेऊ नये आणि ते घालताना ख्रिस्ती प्रार्थना म्हणावी. गंमत पाहा. मदुरेच्या शास्त्र्यांना कोणी विचारले नाही की बुवा, तुमच्या जानव्यात धर्म किती आणि मान किती? मला या नोबिलीविषयी आदर वाटतो, आणि अवघडल्यासारखेही वाटते. तो ते चिन्ह न कळून वापरीत नव्हता. पुरते कळून वापरीत होता. त्याचा हेतू तर उघड होता. आत्याचा सूर्यनारायण त्यापेक्षा निष्पाप खरा.

वसईच्या ख्रिस्ती बायांनी मात्र न्यायालयाचे पुरते ऐकले नाही. धर्म बदलला, लुगडे सोडले नाही, मराठी सोडली नाही. आजही त्यांच्या जुन्या पिढीचे लांबून दिसणारे तांबडे लुगडे या किनाऱ्याची ओळख म्हणून सांगतात. आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तेथल्या चर्चमधल्या प्रचंड घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या टांगलेल्या आहेत. मेणवलीची घंटा मी पाहिली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे आणि समोर कृष्णा वाहते. देखावा सुंदर, यात शंका नाही. पण पुतळी आणि ही घंटा एका मापाने मोजवत नाही. पुतळी कापडाच्या आणि मिरीच्या मोबदल्यात आली. घंटा लढाईत आली. ज्यांची ती होती त्यांना ती कोणी मागितली नव्हती. विजयाचा आनंद मीही वर्गात रंगवून सांगितला आहे. घंटेवाचून राहिलेल्या त्या मनोऱ्याविषयी मात्र मुलांशी कधी बोललो नाही.

असो. पुन्हा माझ्या घराकडे येतो.

पाडव्याच्या सकाळी आत्याने मला हाक मारली आणि त्या सहा पुतळ्या वेगळ्या काढून द्यावयास सांगितले. मी पुष्कळ समजावले. सोनारांची गोष्ट सांगितली, छित्तराजाची सांगितली. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाली, "काढून दे." मी रेशीम उसवले. सहा नाणी, दोन तोळ्यांना थोडी कमी. तिने ती धुतल्या फडक्यात बांधून लाकडी पेटीत ठेवली. उरलेल्या एकवीस जणी परत ओवल्या, पण माळ तिला आखूड होऊ लागली आणि तिने ती घालावयाची सोडली. भावाला यात काही विशेष वाटले नाही. तो म्हणाला, बरे झाले. मला मात्र वर्षभर ती माळ टोचत राहिली. पंच्याऐंशी वर्षे जी बाई रामसीता गळ्यात घालून हिंडली, तिच्या गळ्यातून ती मी एका मिनिटात, भिंगाने, काढून घेतली होती. तेही भावाला गप्प करण्यासाठी.

या गणपतीत आत्याने मला पुन्हा बोलाविले. पेटी उघडून ते फडके माझ्या हातात ठेवले आणि विचारले, "बाला, हा त्यांचा देव हाय ना?"

"होय."

"मंग देव असा गाठीत बांधून ठेवायचा नाय. त्याला काय करतात ते इचारून ये."

मला उत्तर सुचले नाही. वसईला माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एक ख्रिस्ती शिक्षिका राहतात, वयाने माझ्याएवढ्याच. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि सारी हकीकत सांगितली. त्यांनी सहाही नाणी उलटीसुलटी करून पाहिली, एकीवरचा ख्रिस्त अंगठ्याने पुसला, आणि विचारले, "आजींना ती आवडत होती ना?" मी हो म्हणालो. "मग घालू देत की. इतकी वर्षे त्यांनी जपलीच आहेत." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या नातीला मात्र विचारा, तो क्रूस कशाचा आहे ते तिला ठाऊक आहे का."

मी विचारले. तिला अर्धेमुर्धे ठाऊक होते. उरलेले तिने फोनवर माझ्याकडून ऐकून घेतले, मध्ये मध्ये प्रश्न विचारीत, आणि शेवटी म्हणाली, "आजोबा, मी घालू की नको?" ते मी तिच्यावरच सोपविले. ती काय घालून येते ते धनत्रयोदशीला कळेल. भावाला मी आधीच बजावून ठेवले आहे की काही झाले तरी पाटावरून कोणाला उठवावयाचे नाही. तो 'बघू' म्हणाला आहे.

आत्याला वसईचा निरोप सांगितला, तेव्हा तिने फक्त मान हलविली आणि माळ पुन्हा पूर्ण ओवून आणावयास सांगितली. भिवंडीत तसा पटवेकरी आता मला सापडला नाही. कल्याणला, बाजारातल्या एका बोळात, एक म्हातारे गृहस्थ अजून रेशीम ओवतात. सत्तावीस पुतळ्या त्यांच्याकडे दिल्या आहेत. अस्सल सहा कोठे घालावयाच्या, मध्ये की टोकाला, असे त्यांनी विचारले. आत्याचे म्हणणे, पूर्वी होत्या तशाच, मिसळून.